गाणं विकत घेतलं, पण ते आहे कुठं? डिजिटल गाण्यांच्या दुकानांची तुलना

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी नशीब समजायचं. बाकीचे उभे, एका हाताने कडी धरलेली, कानात इअरफोन. मुंब्रा-कळव्याच्या पट्ट्यात, पारसिकच्या डोंगराजवळ नेटवर्क दगा देतं आणि चालू गाणं मध्येच अडकतं. ज्यांच्या मोबाइलमध्ये गाण्याची फाइल आहे त्यांचं मात्र काहीच अडत नाही. त्यांचं गाणं ठाण्याला संपतं आणि पुढचं सुरू होतं.

पंधरा वर्षांपूर्वी अशी फाइल मिळवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्टेशनबाहेरचं मोबाइलचं दुकान. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही उतरा, रिचार्ज आणि कव्हरं विकणाऱ्या त्याच काउंटरवर मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळायची. नवी-जुनी, हिंदी-मराठी, भक्तिगीतं, कोळीगीतं, जे हवं ते, किरकोळ पैशांत. त्यातला एक रुपयाही गायकाकडे, संगीतकाराकडे किंवा कंपनीकडे जात नसे, हे घेणाऱ्याला माहीत नसे आणि विकणाऱ्याला त्याची फिकीर नसे. डिजिटल गाणी कायदेशीर विकायला निघालेल्या प्रत्येक दुकानाची खरी स्पर्धा होती ती या काउंटरशी.

त्या स्पर्धेत बहुतेक दुकानं हरली. म्हणून आज एखाद्याला गाणी रीतसर विकत घेऊन स्वतःजवळ ठेवायची असतील, तर कुठे स्वस्त मिळतं हे नंतर पाहावं. आधी पाहायचं ते हे, की दुकान बंद झालं तर घेतलेलं गाणं राहील का.

‘डाउनलोड’ दोन प्रकारचं

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांसारख्या अ‍ॅपमध्ये डाउनलोडचं बटण असतं. ते दाबल्यावर गाणं फोनमध्ये येतं, नेट नसताना वाजतंही. पण ती फाइल कुलूपबंद असते. फोनमधून काढून पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये वाजत नाही. वर्गणी थांबली की ती मुकी होते. स्पॉटिफायवर तर वर्गणी चालू असली तरी तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी निघून जातात. हे भाड्याचं घर आहे. भाडं रास्त असेल, घरही छान असेल, पण घर आपलं नव्हे.

मालक घर मोडायला काढतो तेव्हा हे कळतं. रेसो हे अ‍ॅप भारतात ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करत असल्याचं जाहीर केलं. अनेकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या त्यात होत्या. अ‍ॅप चालू असतानाही गाणी जाऊ शकतात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक कंपनी आणि स्पॉटिफाय यांचा करार लांबला नाही आणि त्या कंपनीची गाणी एका झटक्यात स्पॉटिफायवरून दिसेनाशी झाली. ऐकणाऱ्याने वर्गणी भरलेली होती, पण करार त्याच्याशी नव्हता.

दुसरा प्रकार म्हणजे खरी विक्री. पैसे द्यायचे आणि एमपी३, एएसी किंवा फ्लॅक अशी उघडी फाइल घ्यायची. ती कुठेही ठेवा, कशावरही वाजवा. या लेखात तुलना आहे ती अशा दुकानांची.

सहा रुपयांचं गाणं का परवडलं नाही?

भारतातला सगळ्यात गाजलेला प्रयोग फ्लिपकार्टचा. ‘फ्लाइट’ नावाचं त्यांचं एमपी३चं दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडलं. गाणं सहा रुपयांपासून, फाइल बिनकुलपाची. चहाच्या किमतीत गाणं मिळत होतं. तरीही जून २०१३ मध्ये विक्री थांबली आणि ज्यांनी गाणी घेतली होती त्यांना ती उतरवून घ्यायला ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली. सव्वा वर्षात खेळ खलास.

कंपनीने दोन कारणं दिली होती, चोरीची गाणी आणि छोट्या रकमा भरण्यातली अडचण. दुसरं कारण आज विचित्र वाटेल, कारण आता वडापावचे पैसेही यूपीआयने दिले जातात. पण यूपीआय आलं २०१६ साली. २०१२ मध्ये सहा रुपये द्यायचे तर कार्डाचा नंबर भरा, बँकेच्या पानावर जा, पासवर्ड टाका, आणि एवढं करून व्यवहार अर्ध्यात फसला तर परत पहिल्यापासून. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराला पेमेंट कंपनीला पैसे मोजावे लागत ते वेगळेच. सहा रुपयांतून गाण्याच्या कंपनीचा वाटा आणि हे शुल्क वजा केल्यावर हाती काय उरणार? त्यावर उपाय म्हणून आधीच शंभर-दोनशे रुपये भरून ठेवायचं पाकीट काढलं गेलं. पण स्टेशनबाहेरच्या काउंटरवर असलं काही करावं लागत नव्हतं.

यातून शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. फ्लाइटची फाइल बिनकुलपाची होती. ज्या ग्राहकाने ती वेळेत उतरवून संगणकावर ठेवली, त्याच्याकडे ती आजही वाजते. ज्याने ‘खात्यात आहेत की’ म्हणून सोडून दिली, त्याचे पैसे गेले.

गूगलच्या बाबतीत हेच पुन्हा घडलं. गूगल प्ले म्युझिकवर भारतात २०१६ पासून गाणी विकत मिळू लागली. २०२० मध्ये ही सेवा गुंडाळली गेली. यूट्यूब म्युझिककडे संग्रह हलवण्याची किंवा फाइली उतरवून घेण्याची सोय दिली होती, पण २४ फेब्रुवारी २०२१ नंतर उरलेलं सगळं पुसलं गेलं. ईमेल न वाचणाऱ्यांची पंचाईत झाली.

जगात याहून वाईट उदाहरणं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकने विकलेल्या गाण्यांना कुलूप होतं, आणि ते उघडणाऱ्या किल्ल्या देणारी यंत्रणा बंद करणार असल्याचं कंपनीने २००८ साली सांगितलं. म्हणजे नवा संगणक घेतला की विकत घेतलेली गाणी बंद. ओरड झाल्यावर मुदत वाढवावी लागली. अ‍ॅपलने आपल्या गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्ये काढलं, म्हणून भारतात आलेल्या आयट्यून्सची गाणी पहिल्या दिवसापासून मोकळी होती.

आज उघडी असलेली दुकानं

आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं, आणि फ्लाइट व गूगल गेल्यावरही ते टिकलं. मराठी चित्रपटगीतं, भावगीतं, अभंग, नाट्यगीतं हे सगळं एका जागी आणि रुपयांत मिळण्याची ही आजची मुख्य जागा आहे. सुरुवातीला एका गाण्याची किंमत साधारण दहा-पंधरा रुपयांच्या घरात होती. फाइल २५६ केबीपीएसची एएसी असते. आयफोन असायलाच हवा असं नाही. विंडोजच्या संगणकावर आयट्यून्स टाकून घेता येतं आणि तीच फाइल नंतर अँड्रॉइड फोनवर वाजते. पैसे यूपीआय किंवा नेट बँकिंगने खात्यात भरता येतात. अडचण एवढीच की अ‍ॅपलला स्वतःलाच आता हे दुकान फारसं दाखवायचं नाही. ग्राहकाला अ‍ॅपल म्युझिकच्या वर्गणीकडे वळवण्याकडे ओढा असतो आणि खरेदीचं बटण शोधावं लागतं.

बँडकॅम्प हे अगदी वेगळ्या वळणाचं दुकान. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. कलाकार स्वतः आपलं गाणं तिथे ठेवतो, किंमत स्वतः ठरवतो, आणि ग्राहकाला वाटलं तर तो जास्त पैसेही देऊ शकतो. डिजिटल विक्रीतून दुकान १५ टक्के घेतं, ठरावीक उलाढालीनंतर १० टक्के. एकदा घेतलं की एमपी३, फ्लॅक, वेव्ह यांपैकी हव्या त्या प्रकारात उतरवता येतं. या सोयीत त्याच्या तोडीचं दुसरं दुकान नाही. पण पी. सावळाराम किंवा सुधीर फडके शोधायला इथे जाण्यात अर्थ नाही. स्वतंत्र बँड, इलेक्ट्रॉनिक संगीत, एखाद्या तरुण गायकाने स्वतः प्रसिद्ध केलेली मैफल, असा माल इथे. मालकीही दोनदा बदलली आहे. २०२२ मध्ये एपिक गेम्सने ते घेतलं, पुढच्याच वर्षी साँगट्रेडरला विकलं आणि त्या वेळी निम्म्याच्या आसपास कर्मचारी गेले. तेव्हा इथेही ‘खात्यात आहे’ यावर विसंबू नये.

बँडकॅम्पवर भारतातून पैसे भरताना एक गोष्ट हमखास अडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागते, आणि काम झाल्यावर परत बंद केलेली बरी. डॉलरच्या किमतीवर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावते, त्यावर जीएसटी. एक डॉलरचं गाणं नव्वदीच्या आसपास जातं. आयट्यून्सच्या पंधरा रुपयांपुढे हे महाग आहे. पण त्या नव्वदातले किती गाणाऱ्याच्या हाती पडतात हे पाहिलं तर हिशोब उलटा दिसतो.

तिसरा प्रकार म्हणजे कंपनीचं किंवा कलाकारांचं स्वतःचं दुकान. जुन्या मराठी गाण्यांचा मोठा साठा एचएमव्हीकडे, म्हणजे आजच्या सारेगामाकडे. त्यांच्या संकेतस्थळावरूनही गाणी विकत उतरवून घ्यायची सोय राहिली आहे. मात्र या कंपनीला खरं यश मिळालं ते २०१७ मध्ये आलेल्या कारवां या रेडिओसारख्या पेटीने. तिच्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली. आजी-आजोबांना अ‍ॅप, पासवर्ड काही नको, बटण फिरवलं की गाणं. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या काउंटरला कंपनीने दिलेलं हे कायदेशीर उत्तर म्हणायला हरकत नाही. फक्त आतली गाणी बाहेर काढता येत नाहीत.

शास्त्रीय संगीतासाठी अंडरस्कोर रेकॉर्ड्सचं नाव घ्यायला हवं. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे न जाता कलाकाराकडे राहावेत ही त्यामागची भूमिका. तेव्हा आयट्यून्स स्टोअरचाही नुकताच अमेरिकेत जन्म झाला होता, हे लक्षात घेतलं तर ही उडी किती आधीची होती ते कळतं.

अमेझॉनचं एमपी३ दुकान भारतातल्या खात्यांसाठी नाही. इथे प्राइमसोबत ऐकायला मिळतं, विकत मिळत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाच्या खात्यावरून गाणी मागवणारे आई-बाबा ठाण्यात सापडतील, पण दुकानाच्या अटींत हे बसत नाही आणि खोटा परदेशी पत्ता देऊन उघडलेलं खातं कधीही बंद होऊ शकतं. डीजेंसाठी बीटपोर्ट आहे. त्यात भावगीताच्या रसिकाला काही सापडणार नाही.

बरोबर गाणं कसं ओळखायचं?

मराठी गाणी विकत घेताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीचं गाणं घेतल्याने. एकच गाणं वीस संग्रहांत असतं. ‘सुवर्णगीते’, ‘अवीट गोडी’, ‘आठवणीतली’ अशा नावांच्या संग्रहांतलं मूळ ध्वनिमुद्रण बहुधा एकच, पण काहींत मात्र तेच गाणं दुसऱ्याच गायकाने नंतर गायलेलं असतं. मुखपृष्ठावर मूळ गायिकेचं नाव मोठं आणि आत ‘व्हर्जन’. रोमन लिपीतल्या स्पेलिंगचाही गोंधळ. खळे यांचं नाव कुठे श्रीनिवास, कुठे श्रीनिवासचंच तिसरं स्पेलिंग. देवनागरीत शोधून पाहावं, मग रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे. आयट्यून्सवर दीड मिनिटापर्यंतचा नमुना ऐकता येतो. तो ऐकल्याशिवाय बटण दाबू नये. गाण्याची लांबीही तपासावी. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळचं भावगीत साडेपाच मिनिटांचं दिसलं तर ते मूळ नव्हे, मैफलीतलं किंवा नवं असणार.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. छप्पन्न गाणी. सुटी घेतली आणि प्रत्येकी पंधरा रुपये धरले तर आठशे चाळीस होतात. संपूर्ण संच घेणं बहुधा स्वस्त पडतं. पण आणखी एक मुद्दा आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ही गाणी माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे अशा वेगवेगळ्या कलाकारांनी गायली होती. एचएमव्हीच्या तबकड्यांवर सगळी सुधीर फडके यांच्या आवाजात आहेत. ज्याच्या कानात रेडिओवरचं गीतरामायण आहे, त्याला दुकानात मिळतं ते वेगळंच वाटेल. दोष दुकानाचा नाही, पण घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

फाइलच्या दर्जाबद्दल फार ताणू नये. चार मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसमध्ये पावणेआठ एमबीच्या आसपास, ३२० च्या एमपी३मध्ये साडेनऊ, आणि सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं वेव्ह बेचाळीस एमबी. फ्लॅकमध्ये आवाजाचं काहीही न गमावता ते बरंच कमी जागेत बसतं. संग्रह म्हणून जपायचं तर फ्लॅक चांगलं, कारण त्यातून पुढे हवा तो प्रकार बनवता येतो. पण १९५०च्या तबकडीवरून घेतलेल्या गाण्याच्या ‘हाय-रेझ’ फाइलला जादा पैसे मोजणं म्हणजे खरखर अधिक स्पष्ट ऐकण्याची हौस. लोकलच्या खडखडाटात तर फरक कळणारच नाही. गाडीतल्या जुन्या स्टीरिओला फ्लॅक किंवा एएसी वाजत नाही, तिथे निमूटपणे एमपी३.

पैसे जातात कोणाकडे?

ठाण्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्न घरचा आहे. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते. संगीतकार श्रीनिवास खळे यांचं २०११ मध्ये निधन झालं तेही ठाण्यात. लता मंगेशकर, वसंत प्रभू आणि पी. सावळाराम या त्रयीची गाणी आजही दुकानात विकली जातात.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९५५ साली निघालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०१५ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. वसंत प्रभू १९६८ मध्ये गेले, पी. सावळाराम १९९७ मध्ये. त्यामुळे चालीवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आणि शब्दांवरचा २०५७ अखेरपर्यंत राहतो. ‘जुनं आहे, फुकटच असणार’ हे म्हणूनच अर्धवट खरं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले, त्यामुळे ‘संगीत सौभद्र’मधल्या पदाचं एखादं शंभर वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण मात्र निर्धास्त उतरवून घ्यावं.

२०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा करारात कायमचा लिहून घेण्याची सोय बंद केली. त्याआधी एकरकमी पैसे घेऊन सगळं देऊन टाकणं ही रीतच होती. आणि विकत घेतलेली फाइल घरी ऐकण्यासाठी असते. सोसायटीच्या कार्यक्रमात किंवा हॉटेलात वाजवायची तर वेगळा परवाना लागू शकतो, तो दुकानाच्या पावतीत येत नाही.

खातं वारसाला मिळत नाही

डोंबिवलीतल्या कित्येक घरांत माळ्यावर कॅसेटचा खोका अजून आहे. वडिलांचा खोका मुलाकडे आला, कोणी परवानगी विचारली नाही. डिजिटल खात्याचं तसं नाही. अ‍ॅपलने २०२१ अखेर ‘लेगसी काँटॅक्ट’ ही सोय आणली. खातेदाराच्या मृत्यूनंतर नेमलेल्या माणसाला त्याचे फोटो, नोंदी, कागदपत्रं पाहता येतात. विकत घेतलेली गाणी, चित्रपट आणि पुस्तकं मात्र त्यात येत नाहीत, कारण दुकानाच्या लेखी तो खातेदाराला दिलेला परवाना असतो. खरेदीचं बटण दाबताना हे कोणी वाचत नाही.

यावर करण्यासारखं जे आहे ते साधंच आहे. गाणं घेतल्या दिवशीच संगणकावर उतरवावं. फाइलच्या नावात गायक, गीतकार, संगीतकार आणि वर्ष देवनागरीत लिहावं, कारण दुकानं गीतकाराचं नाव बहुतेक वेळा गाळतात. एक प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह दोन-तीन वर्षांनी बदलावा, कारण तो काही न सांगता मरतो. पावतीचा ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि हार्ड डिस्क कुठल्या कपाटात आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवावं.